त्या ओळीतली आत्या

आमच्या मंडळींइतकी चोरीला भ्यायलेली बाई अख्ख्या पुण्यात शोधून सापडायची नाही. घरात चोर शिरेल ही भीती तिला कधीच नव्हती, दार सताड उघडं टाकून ती खुशाल कोथिंबीर आणायला जायची. तिला भीती होती ती आपणच चोर ठरू याची. आणि चोरी कसली, तर शब्दांची. एखादं वाक्य आपण बोललो आणि ते आधी कुणी बोलून ठेवलेलं निघालं तर काय, या धास्तीत त्या बाईनं सगळा संसार केला.

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मेथी निवडली. धायरीच्या आमच्या घराला एक गॅलरी आहे, तिथं पेपर पसरून संध्याकाळी बसलो होतो. मी निवडायची आणि मी निवडलेली तिनं परत निवडायची, अशी आमची पद्धत.

"अहो, उद्या सकाळी त्या बाईंना फोन करा," ती एकदम म्हणाली.

"करतो."

"भांडू नका."

"न्हाई भांडत."

"चोर म्हणू नका. नुसतं विचारा, त्या ओळीतली आत्या कोण?"

"एवढंच?"

"एवढंच. आणि पिवळी पानं पेपरात टाका, मेथीत नको."

कोणती बाई, कसली ओळ, हे सांगायचं तर मंडळी काय प्रकार होता ते आधी सांगावं लागेल. तिचं नाव लिहीत नाही. आमच्या पिढीत बायकोचं नाव घेत नसत, मंडळी म्हणायचं आणि भागवायचं. लग्नात घास भरवताना घेतलं असेल, त्यानंतर मोठ्यानं असं एकदाच घेतलं. ते शेवटी येईल.

मी शाळा सातवीपर्यंत केली, तीही मागून ढकलल्यामुळे. धायरी गाव होतं तेव्हापासून माझा मांडवाचा धंदा. मांडव, खुर्च्या, कर्णे आणि अँप्लिफायर. मंडळी शनिवार पेठेतली, मॅट्रिक झालेली, वडिलांचं तिथं शिलाईचं दुकान. ती 'आहे' म्हणायची, मी 'हाय' म्हणायचो, आणि त्यावरून पहिली काही वर्षं आमची करमणूक छान झाली. शाळेत असताना तिनं एकदा निबंध लिहिला, वडिलांच्या शिलाईच्या मशीनवर. इतका चांगला लिहिला की बाईंनी तिला वर्गापुढं उभं केलं आणि विचारलं, "कुठून उतरवलास?" ही म्हणाली, "माझा आहे." बाई म्हणाल्या, "चोर ते चोर, वर खोटं." वर्ग हसला. बस. त्या दिवशी जी भीती शिरली ती पुढे नवरा मिळाला, घर झालं, केस पिकले तरी उतरली नाही. तेव्हापासून ज्याचं वाक्य त्याला परत केल्याशिवाय ती पुढचं वाक्य बोलायची नाही.

भांडतानासुद्धा! दुसऱ्यांच्या बायका भांडतात तेव्हा भांडतात. ही भांडता भांडता हिशेब चुकते करायची. "माणूस आहे की मांडवाचा बांबू! हे सासूबाईंचं," असं म्हणून एक श्वास घ्यायची आणि मग, "तुमचं डोकं म्हणजे शिट्टी मारणारा कर्णा झालाय. हे माझं स्वतःचं." आता अशा बाईवर रागवायचं कसं? निम्मा राग माझ्या आईवर जायचा, ती बिचारी केव्हाच वर गेलेली. पाहुण्यांनी आमटीला चांगलं म्हटलं की मंडळी खूश व्हायची सोडून साक्ष द्यायला उभी राहायची. मसाला शेजारणीच्या हातचा, चिंच केव्हा घालायची ते वहिनीनं सांगितलेलं, फोडणी आईची. "मीठ तेवढं माझं," असं शेवटी खाली मान घालून सांगायची. पाहुणे आमटी खाताना मिठाकडे लक्ष द्यायला लागायचे. भाजीवाल्याशी घासाघीस करताना एकदा ती खालच्या मजल्यावरच्या बाईंचं एक खमंग वाक्य बोलून गेली आणि दोन रुपये सुटले. घरी येताना आधी त्यांची बेल वाजवली. "तुमचं वाक्य वापरलं हो मंडईत, चाललं ना?" त्या बाई वकील. त्यांनी दारातच हात जोडले. एकदा आम्ही एका घरी भेटायला गेलो, म्हातारे गेले होते. ही सगळ्यांसारखं "फार वाईट झालं" म्हणाली आणि परत येताना रिक्षात माझ्या कानाशी कुजबुजली, "अहो, ते मी त्यांच्या बायकोच्या जावेचंच बोलले. मला दुसरं काही सुचेना. कळलं असेल का कुणाला?" मी म्हटलं, "मेलेल्याला तर न्हाई कळलं." त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, हे वाक्य चांगलं होतं, तुमचंच ना?

मोबाइल आला आणि तिच्या भीतीला नवं अंगण मिळालं. सकाळी लोक एकमेकांना फुलांची चित्रं पाठवतात, वर काही तरी गोड लिहिलेलं असतं. ही प्रत्येकाला उलट विचारायची, "हे कुणी लिहिलं? खाली नाव का नाही?" नातेवाइकांच्या गटात हिच्यामुळे सकाळी शांतता पसरली. शेवटी तिच्या चुलत दिरानं तिला गटातून काढून टाकलं आणि कारण दिलं, तांत्रिक अडचण. मंडळी म्हणाली, "हे वाक्य त्यांचं नाही. त्यांना एवढं शुद्ध येत नाही."

आता तुम्ही म्हणाल, अशा बाईनं लिहिण्याच्या वाटेला जाऊ नये. पण तीच गेली. ती मंगलाष्टकं लिहायची. लग्नात अंतरपाट धरल्यावर म्हणतात ती. भटजींची ठरलेली असतातच, पण हल्ली नवऱ्यानवरीची नावं घालून नवी करून घ्यायची पद्धत आहे. नात्यातल्या, आळीतल्या, ओळखीतल्या पोरींची लग्नं ठरली की त्यांच्या आया आमच्याकडे यायच्या. मंडळी भाजी चिरताना, कपडे घडी घालताना ओळ जुळवायची. ओळ जुळली की तिचा चेहरा उजळायचा आणि लगेच काळा पडायचा. मग विळी बाजूला ठेवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहायची. कारण मी उभा जन्म अँप्लिफायरशेजारी बसून पुण्यातली मंगलाष्टकं ऐकलेली.

"ऐकलंय का हे कुठं?"

मला खरं तर सगळी मंगलाष्टकं एकाच गिरणीतून दळून आल्यासारखी वाटतात. मी म्हणायचो, "चंद्र तर सगळ्याच लग्नात असतो."

ती चंद्र काढायची.

"नदी पण असते. तुळस पण असते."

ती नदी काढायची, तुळस उपटायची. दारचा मोगरा, आकाशातल्या चांदण्या, दोन घरांचा दिवा, सगळं काढायची, कारण ते सगळं कुणाचं तरी असायचं. मग उरायचं काय? उरायची ती पोरगी. तिचा चष्मा, जो ती डोक्यावर ठेवून घरभर शोधते. तिची स्कूटर, जी बापानं पुसून ठेवली. एका नवऱ्या मुलाला कारलं चालत नव्हतं तर ते कारलं तिनं वृत्तात बसवलं, आणि मांडवात त्याची सासू हसून हसून अक्षता टाकायची विसरली. लोक म्हणायचे, काय सुचतं हो तुम्हाला! तिला सुचत काही नव्हतं. जे दुसऱ्याचं नाही तेवढंच ती घाबरून हातात धरायची. खाली स्वतःचं नाव मात्र घालायची नाही. नाव घातलं आणि ओळ दुसऱ्याची निघाली तर?

आम्हाला मूल नाही. मंडळींच्या भावाची बायको लवकर गेली आणि त्याची पोरगी लहानपणापासून आमच्याकडे वाढली. माझी भाची. मला आतोबा म्हणते. तिचं लग्न ठरलं तेव्हा मंडळींनी पहिल्यांदाच मला काही विचारलं नाही. शालूला फॉल लावत बसली होती, सुई थांबली, ओठ हलले, डोळे भरले आणि सुई परत चालू झाली. लग्नात माईकवर तीच उभी राहिली. अँप्लिफायरवर मी होतो. आवाज कमी करावा की वाढवावा कळेना, कारण तिचा गळा मध्येच बसत होता. त्यातल्या या दोन ओळी:

आत्याच्या पदरी तुझे दिवस ते गेले सुखाचे मुली
जाता सासरि आज पाठ फिरवी डोळे पुसाया खुळी

खुळी म्हणजे ती स्वतः. ओळ म्हणताना तिनं खरंच पाठ फिरवली, तारेत पाय अडकला आणि मांडवभर कर्णे किंचाळले. भटजी दचकून पुढचं कडवं विसरले. आमच्या भाचीच्या लग्नाची ही आठवण सगळे अजून काढतात.

पुढे त्या ओळी कुणी मागितल्या, हिनं दिल्या, त्या मोबाइलवरून या घरातून त्या घरात गेल्या. सवयीप्रमाणे खाली नाव नव्हतं. आम्हीही विसरलो. काही वर्षांनी भाचीनं लग्नाच्या वाढदिवसाला आपल्या लग्नाचा व्हिडिओ इंटरनेटवर चढवला, आणि चारच दिवसांत तो बंद पडला. नोटीस आली. यातल्या ओळी दुसऱ्याच्या मालकीच्या आहेत, अशी तक्रार आहे. लग्नांत मंगलाष्टकं गाणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी त्या ओळी पेटी-तबल्यावर गाऊन रेकॉर्ड केलेल्या, त्यांच्या माणसांनी ती तक्रार केलेली. भाचीनं फोनवर सांगितलं ते हसत सांगितलं. "आत्या, तुझ्याच लग्नगाण्यासाठी मला कॉपीराइटची नोटीस! कसली भारी गोष्ट आहे."

मंडळी खाली बसली. तिला भारी वगैरे काही वाटलं नाही. ज्या नोटिशीची ती शाळेपासून वाट बघत होती ती आली होती.

त्या दिवसापासून घरात भीती राहायला आली. बेल वाजली की मंडळी आतल्या खोलीत. पोस्टमन आला की मला पुढं करायची. दाराच्या खुंटीला तिनं एक कापडी पिशवी अडकवली. मी उघडून बघितली तर आत रक्तदाबाच्या गोळ्या, जादा चष्मा आणि शाल.

"हे काय?"

"न्यायला आले तर. चौकीत गार असतं."

"अगं, दोन ओळींसाठी कोण न्यायला येतंय?"

"शाळेतही निबंधासाठीच उभं केलं होतं."

मी हसलो, पण आतून टरकलो. कारण तिनं लिहिणं बंद केलं. दारी आलेल्या आयांना परत पाठवलं. मग बोलणंही आटलं. नुसतं 'हं' आणि 'नको'. या दोन शब्दांवर कुणाचा हक्क नाही याची तिनं बहुतेक खात्री करून घेतली होती. आमच्या घरात ती बोलायची आणि मी ऐकायचो, अशी वाटणी. तीच गप्प झाल्यावर मला माझाच श्वास ऐकू यायला लागला आणि त्याचीही भीती वाटायला लागली. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. मी तिला ओढून खालच्या वकीलबाईंकडे नेलं.

वकीलबाईंनी चहा ठेवला आणि समजावलं. "काकू, चंद्र कुणाचा नाही. लेकीला निरोप देताना रडणं कुणाच्या मालकीचं नाही. कल्पना सगळ्यांची. पण तुम्ही ती ज्या शब्दांत बांधली ते शब्द तुमचे, लिहिलेत त्या क्षणी तुमचे. सरकारदरबारी नोंदवलं तर पुराव्याला बरं, पण नोंदवलं नाही म्हणून हक्क जात नाही."

"आणि मी मेल्यावर?"

"पुढे साठ वर्षं तुमच्या वारसांचे."

मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. "यांच्याकडे? यांना मांडवाचे बांबू सांभाळता आले नाहीत." कितीतरी दिवसांनी एवढं मोठं वाक्य बोलली. मला बरं वाटलं.

वकीलबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवणं, ती आणखी निराळी गोष्ट. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं लिखाण आज कुणीही छापलं तर कायदा अडवत नाही. पण खाली स्वतःचं नाव घातलं तर ती उचलेगिरीच. तिथं कोर्ट नसलं तरी लाज आहे. आणि उलट, तुम्ही ओळी वाटून टाकल्या तरी त्यांच्याखाली तुमचं नाव असावं हे म्हणायचा हक्क तुमच्याकडेच राहतो."

मला कळलं ते एवढंच, की एक भांडण कोर्टाचं आणि एक अब्रूचं. मंडळींनी मात्र नेमका नको तो प्रश्न विचारला. "आणि नकळत झालं असेल तर? कुठंतरी ऐकलं, विसरले, आणि मग माझं म्हणून आठवलं?"

वकीलबाई म्हणाल्या, "ते कोर्टालाही ठरवणं अवघड जातं."

वकिलानं इतकं खरं बोलू नये. जिना चढताना मंडळी त्या 'अवघड'ला धरूनच चढली. मी म्हटलं, "अगं, ओळ सुचली तेव्हा काय करत होतीस?"

"फॉल लावत होते. आणि रडत होते."

"मग? झालं तर."

"रडताना आठवलेलीही असेल."

स्वतःच्या जन्माची गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी ढापली असेल अशी भीती वाटणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि मग ते लग्न झालं. सिंहगड रस्त्याला एका कार्यालयात, माझ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या नातीचं. मंडळी आली नाही, मंगलाष्टकं ऐकली की तिला धडधडायचं. मी सवयीनं स्पीकरच्या बाजूला खुर्ची घेतली. आणि त्याच बाई गायला. गळा फार गोड, खोटं बोलत नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं आणि तिसऱ्याला आमच्या ओळी आल्या. "आत्याच्या पदरी तुझे दिवस ते..." मी ताठ बसलो. समोर नवरीची आई, हिरवा शालू नेसून, धडधाकट, हातात अक्षता घेऊन उभी. तिनं आधी इकडं तिकडं बघितलं. मग शेजारणीला म्हणाली, आणि माईक जवळ असल्यामुळे कार्यालयभर ऐकू गेलं, "मी काय मेलेय का?" तोवर दुसरी ओळ आली. नवरीची आत्याही तिथंच, बाजूबंद घालून. "खुळी कोणाला म्हणतात ह्या?" ती कडाडली. "मी बँकेत मॅनेजर होते!" भटजींनी घाईघाईनं 'कुर्यात् सदा मंगलम्' म्हणून टाकलं. ती शेवटची ओळ सगळ्यांचीच असते, ती कुणाची म्हणून कोणी विचारत नाही.

बाहेर पडताना दोघी-तिघी बायका बोलत होत्या, आमच्याकडेही या बाईंनी असंच म्हटलं होतं, तेव्हाही आईला डावलून आत्याच आणली. म्हणजे पुण्यातल्या किती पोरींना त्यांच्या जित्याजागत्या आया बाजूला ठेवून आमच्या मंडळींनी सासरी धाडलं, देव जाणे. कार्यालयाच्या मॅनेजरकडून मी बाईंचा नंबर घेतला आणि रिक्षा करून घरी आलो. एरवी मी रिक्षा करत नाही.

"अगं, सापडलं!" मी दारातूनच ओरडलो. "ओळ तिची असती तर तिनं आई घातली असती. आत्या कुठनं आणली तिनं? खुळी कुठनं आणली? कुणाच्या लग्नात कुणी नवरीच्या आत्याला खुळी म्हणतं का? स्वतः आत्याच म्हणू शकते!"

मंडळींनी पिशवीकडे बघितलं. मला वाटलं, आता पिशवी खुंटीवरून उतरणार. पण भीती अशी उतरत नाही. ती फक्त कूस बदलते. (हे तिचं वाक्य, तेव्हाचंच.)

"आणि त्यांचीही एखादी आत्या असेल तर?" ती म्हणाली. "त्यांनाही आत्यानंच वाढवलं असेल. मी त्यांना चोर म्हटलं आणि तसं निघालं, तर मी त्या शाळेतल्या बाई झाले."

तिची भीती दुहेरी होती, हे मला तेव्हा समजलं. आपण चोर ठरण्याची, आणि आपण कुणाला चोर ठरवण्याची. मी फोन उचलला की ती हातातून काढून घ्यायची. मी म्हणायचो, एकदाच विचारू दे. ती म्हणायची, नको. असे महिने गेले. मला भीती वाटायची की ही अशीच 'हं' आणि 'नको' करत संपून जाईल आणि ती पिशवी खुंटीला तशीच राहील. मी हे कुणाला बोललो नाही. मांडववाल्यानं घाबरायचं नसतं, वाऱ्यावावधानात वर चढावं लागतं.

म्हणून त्या संध्याकाळी मेथी निवडताना ती आपण होऊन म्हणाली, उद्या फोन करा, तेव्हा माझा विश्वास बसेना. प्रश्नही तिनंच शोधला होता. कुणावर आळ नाही, कुणाची अब्रू जात नाही. त्यांच्याकडे आत्या असली तर त्या सांगतील, नसली तर गप्प बसतील. मग तिनं एक पान उचललं, उजेडात धरलं आणि काही तरी गुणगुणली. नवी ओळ होती. कितीतरी दिवसांनी! मी विचारलं, "कुणाचं लग्न?" म्हणाली, "कुणाचं नाही. मेथीवर आहे. ऐकलंय का कुठं?"

मी म्हटलं, "न्हाई. मेथीवर कोण कशाला करंल?"

ती हसली. ती ओळ मला आठवत नाही. आठवली तरी इथं लिहिली नसती, ती तिची आहे.

रात्री झोपेतच गेली. मला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, तिलाही कळलं नसेल. एवढीच एक गोष्ट तिनं न घाबरता केली.

सकाळी घर माणसांनी भरलं. भाची आली, तिच्या बापाला घेऊन. खालच्या वकीलबाई आल्या. आळीतल्या आया आल्या, ज्यांच्या पोरींना हिनं सासरी पाठवलं होतं. येणारा जो तो "फार वाईट झालं" म्हणत होता, आणि मला वाटत होतं ती आता उठून विचारील, हे आधी कोण म्हणालं? तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. थंडीचे दिवस होते, फरशी गार. मी खुंटीवरची पिशवी काढली, आतली शाल काढली आणि तिच्या अंगावर घातली. मग गॅलरीत गेलो. मेथीचा पेपर तिथंच होता. मी खिशातून मोबाइल काढला.

भाची मागे आली. "आतोबा, आता कोणाला फोन?"

"तिनं सांगितलंय. सकाळी कर म्हणाली होती."

पलीकडून गोड गळा आला. "नमस्कार. कोणती तारीख हवी?"

"तारीख नको, बाई. एक विचारायचंय. भांडायला न्हाई केलेला फोन. तुम्ही गाता त्या ओळीतली आत्या कोण?"

"कुठली आत्या?"

"डोळे पुसाया खुळी."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, ठेवला. मग त्या हळू म्हणाल्या, "मला माहीत नाही हो. मला ते मोबाइलवर आलं होतं. खाली नाव नव्हतं. वाचून मला रडू आलं, म्हणून घेतलं. तक्रारीचं आमची माणसं बघतात, मला ठाऊकही नसतं." आणि मग, "आपण कोण बोलताय?"

"त्या आत्याचा नवरा."

"अगं बाई. त्या आहेत का तिथं? देता का त्यांना फोन? मी बोलते त्यांच्याशी."

मी आत बघितलं. बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. शाल नीट बसली होती.

"इथंच हाय," मी म्हटलं. "पण आता बोलायची न्हाई. तुम्ही नाव लिहून घ्या."

आतलं रडणं थांबलं, कारण मी मोठ्यानं बोलत होतो. मांडवात माईक लागलाय का बघताना बोलतो तसं, एकेक अक्षर सुटं करून, मी मंडळींचं नाव घेतलं. माहेरचं धरून सगळं.

बाई म्हणाल्या, "परत एकदा सांगता?"

मी परत सांगितलं.